वस्तीची बातमी वस्तीच्या मुलांनी लिहावी

(कुंभवली येथे शिक्षक व पालक यांच्यापुढे केलेले भाषण, वाचकांसाठी लिहून काढलेले)



कुंभवली येथे मी जे विचार मांडले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे. विषय हायस्कुलातील निबंधाचा आणि बातमीलेखनाचा आहे. कोर्टात वावरणाऱ्या माणसाने शाळेच्या फळ्याकडे का वळावे, अशी शंका आपणांस येईल. तिचे उत्तर माझ्या धंद्यातच आहे आणि ते मी पुढे देणार आहे. प्रथम आपण आपल्या मुलांची वही उघडून पाहू.

दहावीच्या मराठीत उपयोजित लेखन म्हणून बातमीलेखन नेमलेले आहे. त्याच्या जोडीला पत्रलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखनही आहे. म्हणजे परदेशातील शाळांत ज्या वृत्तपत्रविद्येचे वर्ग चालतात, तिचे बीज आपल्या शाळेत आधीच पडलेले आहे. ते नव्याने मागावयाचे नाही. पण त्या बीजाचे आपण काय करतो? मुले बातमी लिहितात ती वृक्षारोपणाची, स्नेहसंमेलनाची, बक्षीस समारंभाची. प्रमुख पाहुणे कल्पनेतले, शाळा कल्पनेतली आणि टाळ्यांचा कडकडाटही कल्पनेतलाच! न घडलेल्या गोष्टीची बातमी शुद्ध भाषेत उतरवली की गुण पदरात पडतात. जे खरोखर घडते, त्याला मात्र वहीत जागा नाही.

आता कुंभवलीकडे पाहा. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कित्येक कारखान्यांच्या पत्त्यात या गावाचे नाव आहे. या भागातील वर्गांत वारली, कातकरी, मांगेला, बौद्ध आणि उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या कामगारांची मुले एका छपराखाली बसतात. येथून जवळच १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली. पुढे तिच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे आपल्या जागेवरून उठली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनिशी देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कारखाने यांना जबाबदार धरले. इतके सारे ज्यांच्या दारात घडले, त्यांच्या मुलांनी कल्पनेतील पाहुण्यांच्या हस्ते कल्पनेतील रोप लावावे, हे शिक्षण म्हणावे काय?

मुक्ता साळवे हिचा धडा

मुलाने अन्यायावर लिहावे, हे बाहेरून आलेले खूळ नाही. ते या महाराष्ट्रात एकशे सत्तर वर्षांपूर्वी घडून गेले आहे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी. वय चौदाच्या आसपास. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. शाळेतील मुलीचा निबंध, विषय स्वतःच्या समाजाचा आणि प्रकाशन वृत्तपत्रात! ज्या गोष्टीची आज आपण मागणी करतो, ती तिच्या वहीत पूर्ण झाली होती.

त्या निबंधाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. मुक्ता केवळ रडली नाही. वेदांवर एकाच वर्णाचा अधिकार असेल, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा रोकडा सवाल तिने केला. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या अस्पृश्याची काय गत होई, ते तिने सांगितले. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांनी थंडी-पाऊस कसा सोसला, तेही मांडले. तिच्या लेखनात ठिकाण आहे, कृत्य आहे, परिणाम आहे आणि मग प्रश्न आहे. तिला ही दृष्टी देणाऱ्या शिक्षकांनी ‘हा विषय शाळेत नको’ असे म्हटले असते, तर आज मुक्ता साळवे हे नावही आपणांस ठाऊक नसते.

बाबासाहेबांच्या लेखणीतही हीच शिस्त दिसते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत १९०१ मधील एका प्रवासाची हकीकत आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटतो. गाडीवान मिळत नाहीत आणि अखेर दुप्पट भाड्यावर, मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर एक जण तयार होतो. स्टेशन कोणते, वेळ कोणती, भाडे किती, हे सारे तेथे नोंदलेले आहे. वाचणाऱ्याला दुसरा पुरावा मागण्याची सोयच उरत नाही. ज्या पुरुषाने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक काढले, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ चालविले, त्याने हक्काच्या लढ्यात छापील अक्षराचे मोल किती मानले असेल, ते मी वेगळे सांगावयास नको.

फिर्याद आणि बातमी

आता माझ्या धंद्याकडे येतो. माझ्याकडे येणारी माणसे म्हणतात, “साहेब, फार अन्याय झाला.” मी विचारतो, केव्हा? “मागे झाला.” कोठे? “तिकडे नळावर.” कोणी पाहिले? “सगळ्यांनी.” वेदना खरी असते. परंतु कोर्ट वेदनेला तारीख विचारते.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने तो अधिक व्यापक झाला. त्याच्या कलम ३(१) मधील (आर) आणि (एस) या खंडांप्रमाणे अपमान वा जातिवाचक शिवीगाळ लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झालेली असावी लागते. २०२० साली हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दांवर बोट ठेवले. घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना उच्चारलेल्या शब्दांना हे कलम लागत नाही, असे ठरले. तेव्हा जागा कोणती आणि जवळ कोण उभे होते, या दोन गोष्टी पहिल्या कागदातच आल्या पाहिजेत.

एका खटल्याचे कागद निकालानंतर माझ्याकडे वाचावयास आले होते. सार्वजनिक नळावर एका गृहस्थास जातीवरून बोल लावण्यात आले होते. फिर्याद दुसऱ्याच कोणी लिहून दिलेली. तिच्यात ‘शिवीगाळ व दमदाटी केली’ एवढेच शब्द. कोणती शिवी, कोणत्या नळावर, शेजारी कोण, याचा पत्ता नाही. या गोष्टी त्या गृहस्थाने साक्षीच्या वेळी सांगितल्या. उलटतपासात एकच प्रश्न आला: हे सारे घडले होते, तर पहिल्या लेखी का नाही? आरोपी सुटले. त्या दिवशी गृहस्थाचा दहावीतला मुलगा हंडा घेऊन त्याच नळावर उभा होता. शाळेत बातमीलेखनाला त्यास चांगले गुण मिळत असत! पण घरात घडलेली गोष्टही त्याच रीतीने लिहावयाची असते, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

वाचकहो, बातमी लिहिताना मुलास सहा प्रश्न शिकवितात: कोण, काय, केव्हा, कोठे, का आणि कसे. चांगली फिर्याद याच सहा प्रश्नांची उत्तरे देते. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलिसांनी लिहून घेतलेली खबर खबर देणाऱ्यास वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. पण वाचून दाखविलेल्या मजकुरात काय राहून गेले, हे ओळखणारा कान तयार असेल, तरच त्या तरतुदीचा उपयोग. तो कान बातमीलेखनाच्या तासाला तयार होतो. म्हणून हा विषय मी भाषेच्या सौंदर्यापुरता मानीत नाही. मी त्यास हक्कांच्या रक्षणाचे पहिले साधन मानतो.

‘शाळेत जात आणू नका’

शिक्षकांपैकी काहींचा आक्षेप असा की, या वाटेने शाळेत जात येईल. माझे उत्तर असे की, ती शाळेत आलेलीच आहे. ती हजेरीपटात आहे, शिष्यवृत्तीच्या यादीत आहे, दाखल्यावर आहे, मुलाला पत्ता विचारला की सांगाव्या लागणाऱ्या पाड्याच्या नावात आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनास डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला, यातच सारे आले. ही नावे आपल्या गावात खरोखर बदलली काय? पाटीवर कोणते नाव आहे, रेशनकार्डावर कोणते, लोकांच्या तोंडी कोणते? नववीच्या मुलांनी आठवडाभरात पूर्ण करावी, अशी ही उत्तम बातमी आहे. तिच्यात कोणाचा द्वेष नाही, केवळ पाहणी आहे.

नावाचा प्रश्न लहान समजू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खाजगी दूरचित्रवाहिन्यांना ‘दलित’ शब्द टाळण्याची सूचना दिली, आणि मोठा वाद झाला. हा शब्द कोणी स्वाभिमानाने वापरतो, कोणास तो नकोसा वाटतो. बौद्ध मुलाची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. त्याच्या आजोबांनी १९५६ नंतर धर्म बदलला. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे बौद्धांस अनुसूचित जातीचा दर्जा नव्हता. तो १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. म्हणून आज त्याच्या घरी धर्म एक सांगतात आणि दाखल्यावर जातही असते. ‘माझी ओळख’ असा निबंध देणाऱ्या शिक्षकास हा इतिहास ठाऊक असावा. बातमी लिहिणाऱ्या मुलास एक साधा नियम शिकवावा: ज्याच्याविषयी लिहितोस त्यालाच विचार, तुला काय म्हणून संबोधावे? आणि त्याचे बोल वारलीत, मांगेलीत वा भोजपुरीत असतील, तर ते अवतरणचिन्हांत तसेच राहू दे. त्यांवर लाल शाई चालवू नये.

न लिहिण्याचाही हक्क

येथे मी शिक्षकांस एक कडक सूचना देऊ इच्छितो. सामाजिक न्याय शिकविण्याच्या उत्साहात वर्गातील एखाद्या मुलास उभे करून ‘तू मागासवर्गीय आहेस, तुझे अनुभव लिही’ असे कदापि म्हणू नये. जखम दाखविल्याशिवाय गुण नाहीत, असा हा व्यवहार होईल. ज्याने लिहावयाचे त्याने आपल्या इच्छेने लिहावे, आणि ज्याला गप्प बसावयाचे आहे त्याला गप्प बसू द्यावे. विषय सर्वांना समान द्यावा: आमच्या घरचे पाणी, शाळेची वाट, आमच्या आडनावाचा इतिहास. मग ज्याच्या अंगणात नळ आहे, त्यालाही तो तेथे का आहे आणि दुसऱ्याच्या अंगणात का नाही, याचा विचार करावा लागेल. ओळख एकट्या पीडितालाच असते, हा गैरसमज अशाने दूर होईल.

घटनेने विद्यार्थ्याच्या मौनालाही संरक्षण दिले आहे. केरळातील तीन मुलांना राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही, धार्मिक श्रद्धेमुळे न गायल्याबद्दल १९८५ साली शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. विद्यार्थी हा शाळेच्या दारात आपले मूलभूत हक्क उतरवून ठेवीत नाही, हाच त्याचा अर्थ. दुसरीकडे पीडित मुलाचे नाव गुप्त राखणे हे कायद्याने बंधनकारक आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याचे कलम २३ आणि बालन्याय कायद्याचे कलम ७४ ही दोन कलमे शाळेच्या भित्तिपत्रकाचे काम पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने वाचून ठेवावीत.

अफवेची किंमत

दुसरी शिस्त खातरजमेची. १६ एप्रिल २०२० रोजी याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. मुले पळविणारे आणि चोर फिरत आहेत, अशा अफवा त्या भागात पसरल्या होत्या. पुढे त्या घटनेसच धर्माचा रंग देणारा मजकूर देशभर फिरला. तेव्हा अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे तत्कालीन गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. एका खोट्या बातमीने तीन माणसांचा जीव गेला, दुसरी एका संपूर्ण समाजावर उठली. ज्या जिल्ह्याने हे पाहिले, तेथील मुलांस ‘ही बातमी तुला कोणी सांगितली, आणि त्याला कोणी?’ हे विचारावयास शिकविणे हे व्याकरणाइतकेच आवश्यक आहे. न्यायाची बाजू आपली आहे म्हणून आपले खोटे चालेल, असे आपल्या मुलांस कधीही वाटू देऊ नका. आपल्या बातमीतील एक चूक सापडली, की विरोधक दहा खऱ्या गोष्टी पुसून टाकतो.

मुख्याध्यापकांच्या अडचणीही मी जाणतो. अमेरिकेत मिसूरी राज्यातील हेझलवूड येथे विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रातील दोन पाने मुख्याध्यापकांनी काढून टाकली. त्यांत अल्पवयीन मातृत्व आणि आई-वडिलांचा घटस्फोट यांवर लेख होते. १९८८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे हे भांडण कोर्टापर्यंत नेण्याची गरज नाही. काय छापावे याचे नियम वर्षाच्या आरंभीच लेखी करावेत. मजकूर खरा असावा, दुसरी बाजू विचारलेली असावी, कोणाची नालस्ती नसावी, पीडित मुलाचे नाव नसावे. या चार अटी पाळणारा मजकूर ‘गावात बोभाटा होईल’ एवढ्याच भीतीने अडवू नये.

कामाची सुरुवात

यासाठी पैसा लागत नाही. शाळेत बातम्यांचा फळा आहे, हस्तलिखिताची जुनी प्रथा आहे, कागदाचे भित्तिपत्रक आहे. दर पंधरा दिवसांनी एक भित्तिपत्रक निघावे आणि त्यातील निम्मा मजकूर मुलांनी स्वतः पाहिलेल्या, विचारलेल्या, मोजलेल्या गोष्टींचा असावा. पाड्यावरून शाळेपर्यंत किती पावले, विहिरीच्या पाण्याचा रंग कोणत्या महिन्यात बदलतो, शिष्यवृत्ती कोणत्या तारखेस हाती आली, कोणाची आली नाही. लेखी उत्तर हवे असल्यास माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. तो नागरिकास हक्क देतो, वयाची अट घालीत नाही. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. २०१२ साली लखनौच्या दहा वर्षांच्या मुलीने, गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी कोणत्या आदेशाने दिली, असे विचारले होते, आणि तसा कागद उपलब्ध नाही हे सरकारला सांगावे लागले. आपल्या मुलीने शाळेच्या नळाविषयी विचारले, तर त्यात वावगे काय?

ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ साली केलेल्या पाहणीत वृत्तसंस्थांतील नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या गेल्या. त्यांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती वा जमातीचा एकही नव्हता. ‘मूकनायक’ निघाल्यास शंभर वर्षे होत आली असतानाची ही स्थिती. त्या खुर्च्यांपर्यंत जाणारी वाट हायस्कुलाच्या वर्गातून जाते. बातमी ही आपण लिहावयाची वस्तू आहे, हे मुलास चौदाव्या वर्षी कळले नाही, तर चोविसाव्या वर्षी तो त्या दारात उभा राहणार कसा?

पालकांस माझे सांगणे थोडके आहे. घरात एक वही ठेवा. वस्तीत काही घडले, चांगले वा वाईट, तर त्याच रात्री मुलाला वा मुलीला तारीख, वेळ, जागा आणि हजर माणसे लिहावयास सांगा, आणि लिहिलेले मोठ्याने वाचून घ्या. तुम्हास अक्षर येत नसले तरी काय राहिले ते तुम्हास समजेल. शिक्षकांस माझे सांगणे असे की, पुढच्या बातमीलेखनाच्या तासाला पाहुणे आणि रोपटे बाजूस ठेवा. मुलांना शाळेबाहेर न्या आणि जे दिसेल ते लिहावयास सांगा. ‘शिका’ या शब्दापासून ज्यांच्या चळवळीचा आरंभ होतो, त्यांच्या मुलांस आपल्याच वस्तीविषयी लिहिता येऊ नये, ही स्थिती आपण फार दिवस चालू देता कामा नये.

जयभीम.